बायकोच्या हातून

१४ ऑगस्ट

ताई,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची सवय तूच लावलीस, आज ती मोडते आहे. तुझे फोन आले ते सगळे बघितले आणि मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं वाक्य निम्म्यावर असतं तोवर तुझं उत्तर तयार असतं. कागदावर तरी तुला माझं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागेल.

एकच विचारायचं आहे. लग्न झाल्यापासून गेली अकरा वर्षं तू माझ्या नवऱ्याच्या पित्तावर म्हणून जो वाळलेला पाला पाठवतेस, तो कशाचा आहे?

सावकाश लिही. पण लिहिण्याआधी हे माहीत असू दे की मंगळवारी आमच्या कवळ्यांच्या वर्कशॉपमध्ये रेडिओ चालू होता. मी कोणाच्या तरी वरच्या कवळीला मेणाच्या हिरड्या चढवत होते आणि तुझा आवाज आला. मी पॉलिशवालीला म्हटलं, "अगं, मशीन बंद कर, माझी ताई बोलतेय." सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मालक म्हणाले, "बहीण एवढी मोठी शास्त्रज्ञ आणि तू इथे दात कोरून पोट भरतेस होय?" सगळे हसले, मीही हसले. माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

तू आपल्या बाबांच्या झाडपाल्याच्या औषधांतल्या एका वेलीबद्दल बोललीस. तिचा पाला पुरुषाने घेतला तर मूल राहत नाही, बंद केला की पुन्हा राहू शकतं. बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही. औषधं तुझ्याकडे आणि शिवणाचा डबा माझ्याकडे, अशी आपल्या घरातली वाटणी. मग तू बाबांचा नियम सांगितलास. पाला पुरुषाचा, पण द्यायचा त्याच्या बायकोच्या हातात. उकळायचा तिने, गाळायचा तिने, ग्लास पुढे करायचा तिने. आधी दोघांना समोर बसवायचं आणि एकाने जरी नको म्हटलं तरी द्यायचा नाही. काचेच्या भांड्यातच उकळायचा, धातू लागू द्यायचा नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईने वास विचारला, तेव्हा तू हसून म्हणालीस, "भिजलेल्या पुठ्ठ्याचा. आणि गाळायचं फडकं जांभळं होतं, ते काही केल्या निघत नाही."

माझ्या ओट्यावर तू दिलेलं काचेचं भांडं आहे. खिळ्याला जांभळं फडकं आहे. आणि त्या वासाला शेजारीण 'तुमच्याकडचा खोक्यांचा वास' म्हणते.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. रेडिओवर गेली नसतीस तर मी आजही सकाळी पाला गाळत असते. मशीन पुन्हा सुरू झालं, मी त्या हिरड्या पूर्ण केल्या. कवळी त्या माणसाला बरोबर बसली, असं काल कळलं.

पाकिटावर वर्कशॉपचा शिक्का आहे, त्यावरून काही तर्क काढू नकोस. घरातली पाकिटं संपली होती.

धाकटी


२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच देखणं आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर म्हणशील, धाकटीला चांगलं काही दिसतच नाही.

पत्रभर तू अर्काबद्दल लिहिलंस. त्याने शुक्राणूंची संख्या घटत नाही, हालचाल मंदावत नाही, फक्त ते स्त्रीबीजात शिरू शकत नाहीत. म्हणून नेहमीच्या तपासणीत पुरुष ठणठणीत दिसतो. वाचताना मला तुझा आनंद ऐकू येत होता. आणि शेवटी, सहीच्या वर, 'तुला सांगायला हवं होतं.' एवढ्यात आटोपलंस.

तुझं पत्र यायच्या आधीच मी त्याला विचारलं होतं. सकाळी ग्लासाऐवजी पाल्याची पुडी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो चष्मा काढून पुसायला लागला. दिवसभर दुकानात लोकांचे चष्मे पुसणारा माणूस, स्वतःचा पुसतो तो अडचणीत सापडल्यावरच.

"ताईंनी सांगितलं का?" तो म्हणाला.

मी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं.

"मला मूल नको होतं," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच. पण तू त्या खेळण्यांच्या दुकानापुढे थांबायचीस ना, तेव्हा माझ्याच्याने बोलवायचं नाही."

"अकरा वर्षं बोलवलं नाही?"

"पहिल्या वर्षी बोलवलं नाही. मग बोलायची सोय राहिली नाही."

"आणि ताई?"

"मी त्यांना एवढंच सांगायला गेलो होतो की तुम्ही तिची समजूत काढा. त्या म्हणाल्या, समजूत कशाला काढायची, माझ्याकडे उपाय आहे."

मध्येच एका ओळीत तू लिहितेस, तो हात जोडून आला होता. तो म्हणतो, तूच सुचवलंस. माझा विश्वास त्याच्यावर बसतो आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. त्याला मूल टाळायचं होतं आणि तुला रोज न चुकता औषध घेणारा पुरुष हवा होता, वर्षानुवर्षं हाताशी असलेला, रक्त तपासू देणारा. असा माणूस बाहेर मिळत नाही, तो बहिणीच्या घरात मिळतो.

माझ्या नळ्यांची तपासणी झाली तो दिवस आठवतो का तुला? पोटात रंग सोडला, मी किंचाळले. तू माझा हात धरला होतास. कपाळावरचे केस मागे सारून म्हणालीस, "सोस गं थोडं, झालंच बघ." त्या सकाळीही मी निघण्याआधी त्याचा ग्लास गाळून ठेवला होता. तू हात धरून उभी होतीस आणि तुला हे माहीत होतं. मला राग आला असं लिहिणार होते, पण रागाने भागत नाही. मला त्या हाताची किळस येते.

त्यानंतर सुया झाल्या, पोटात फुगे आल्यासारखं व्हायचं, चालवायचं नाही. डॉक्टरीण म्हणाली, दोघांतही दोष नाही, कारण सापडत नाही. कारण सापडत नाही म्हटलं की बाई आपलं आपणच शोधते. सासूबाईंनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, पण नात्यात बाळ झालं की मला सगळ्यांत शेवटी कळायचं. मी लहानपणी पाटीवरच्या पेन्सिली खायचे, त्यामुळे असेल का, असंसुद्धा तुला एकदा विचारलं होतं. तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "वेडे, पेन्सिलींनी काही होत नसतं." ते मात्र खरं बोललीस.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात. मी दोन्ही प्रकारचे दात रोज हाताळते, तरी मला तुझे ओळखता आले नाहीत. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तू माझा केसाने गळा कापलास.

धाकटी


२० सप्टेंबर

ताई,

हो, मी वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहते. पाकिटं संपल्याची थाप होती. खाली प्लास्टरची पोती आणि दातांचे ट्रे, वर मी. खिडकीतून समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मालकांनी किल्ली दिली आणि कारण विचारलं नाही. पॉलिशवालीने उशी आणून दिली आणि तासभर कारण विचारलं.

तू लिहितेस, 'बाकी सगळं चुकलं असेल, पण निदान हे समजून घे की मी ते तुझ्या हातून का दिलं.' तुला म्हणे त्याच्या कॅप्सूल करता आल्या असत्या. त्याने त्या दुकानातच ठेवल्या असत्या, मला पत्ताही लागला नसता. पण बाबांचा नियम मोडायला तुझं मन धजलं नाही. औषध बायकोच्या हातून जायला हवं म्हणजे जायलाच हवं.

मी हे वाचून हसले, ताई. खालून पॉलिशवालीने विचारलं, काय गं झालं. तिला काय सांगू? की माझी बहीण मला फसवतानासुद्धा नियमाने वागली?

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते, तू चौदाची. तिसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. आता मूल नको असं आईलाही वाटत होतं आणि बाबांनाही, पण दोघांपैकी कोणी ते तोंडातून काढलं नाही. बाबा हे जन्मभर सांगत राहिले, जेवताना, झाडाला पाणी घालताना, कुठेही. तूही ऐकलंस, मीही ऐकलं. रेडिओवर तुझ्या तोंडून नियम ऐकताक्षणी मला तो कुठून आला ते कळलं. बाबांना दोघांना बोलतं करायचं होतं. बायको ग्लास पुढे करते आहे म्हणजे तिला सगळं माहीत आहे आणि तिचा होकार आहे, एवढंच त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. तू एवढी शिकलीस, आणि त्यातला ग्लास तेवढा ठेवलास. मला फसवायचं होतं तर कॅप्सूल देऊन फसवायचं होतंस. मग निदान माझे हात तरी त्यात आले नसते. आता माझं मूल मीच रोज सकाळी उकळून गाळून टाकत होते, हे मला आयुष्यभर माहीत असणार आहे.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाबद्दल. तुझ्या सगळ्या कामाचा पाया असलेलं 'पहिलं जोडपं' म्हणजे आम्ही, हे मला आत्ता कळतंय. तू जिथे संशोधन करतेस त्या संस्थेची समिती मला बोलावणार आहे. बायकोला सुरुवातीपासून सगळी कल्पना होती, असं तू त्यांना सांगून बसली आहेस, आणि मीही तेच सांगावं. मी 'हो' म्हटलं तर मोठ्या चाचण्या सुरू होतील. 'नाही' म्हटलं तर तुझं उभ्या आयुष्याचं काम बुडेल. पुढे लिहितेस, 'माझा नाही तर बायकांचा विचार कर. गोळ्या त्यांनीच खायच्या, पोटं त्यांनीच कापून घ्यायची, किती दिवस?'

हे तुझं म्हणणं खोटं नाही, म्हणून तर डोक्यातून जात नाही. पॉलिशवाली गोळ्यांनी सुजते, महिन्यातले काही दिवस तिला उभं राहवत नाही. मी कोणाचं नाव न घेता तिला विचारलं, पुरुषाने घ्यायचं असं औषध निघालं तर?

"आज निघू दे," ती म्हणाली. "मी त्याला रोज दोन ग्लास पाजीन."

"आणि न सांगता पाजलं तर?"

"न सांगता पाजायला ते काय झुरळांचं औषध आहे?"

मी काय सांगणार आहे ते अजून ठरलेलं नाही. तुला आधी कळवणारही नाही.

धाकटी


११ ऑक्टोबर

ताई,

त्याची नवी तपासणी केलीस आणि सगळं पूर्ववत झालंय, असा तुझा निरोप मिळाला. 'औषधाचा हाच तर गुण आहे. थांबवलं की परिणाम राहत नाही. आता तुम्ही दोघं प्रयत्न करू शकता.' तू हे लिहिताना माझ्यावर उपकार केल्यासारखं तुला वाटलं असणार.

तोही काल आला होता. गॅरेजसमोर उभा राहिला, वर यायचं धाडस झालं नाही. मीच खाली गेले. म्हणाला, घरी चल, आता मला मूल चालेल. 'चालेल' म्हणाला, चहात साखर कमी चालेल म्हणतात तसं. मी त्याला म्हटलं, तुझा चष्मा स्वच्छ आहे, आता पुसू नकोस.

पण खोटं कशाला बोलू, निरोप वाचून आशा वाटली होती. त्याच्याबद्दल नाही, मुलाबद्दल. मूल हवं म्हणून मी त्या माणसाबरोबर पुन्हा एका छपराखाली राहायलाही तयार झाले असते, एवढी लाचार झाले होते. म्हणून डॉक्टरणीकडे गेले. एकटी गेले, या वेळी हात धरायला कोणी नको होतं.

तिने तपासून सांगितलं की माझी स्त्रीबीजं संपत आली आहेत. पाळी अनियमित झालीच होती, मी काळजीने झाली असेल म्हणत होते. काही जणींचं लवकर होतं म्हणे, आता काही करून उपयोग नाही. "चार-पाच वर्षांपूर्वी आला असतात तर," ती म्हणाली.

"आले होते," मी म्हटलं. "याच खुर्चीत बसले होते."

तिने जुने कागद काढले आणि बराच वेळ ते वाचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो, तेव्हा सगळं व्यवस्थित होतं."

तो आता मूल द्यायला तयार आहे, तू प्रयत्न करा म्हणतेस. वरातीमागून घोडं, आणि तेही दोन दोन. त्याचं पूर्ववत झालं, ताई. माझं होणार नाही. तुझ्या अर्काबद्दल एवढं सगळं तपासलंस, पण ही बाजू बघायचं तुझ्या मनातही आलं नाही. मी ट्रेमधले सुटे दात रंगाप्रमाणे लावत बसले होते आणि रडायला लागले. मालकांनी रेडिओ मोठा केला, माझा आवाज कोणाला जाऊ नये म्हणून.

धाकटी


३ नोव्हेंबर

ताई,

समितीपुढे जाऊन आले. तू बाहेरच्या बाकावर बसली होतीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही असं तुला वाटलं असेल, पण बघितलं. तुझे केस पांढरे झालेत आणि तू ते या वेळी रंगवले नव्हतेस. क्षणभर तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण वाटलं.

आत मोठं टेबल होतं, पलीकडे तिघं. अध्यक्षांची खालची कवळी सैल होती, दर वाक्याला जिभेने जागेवर ढकलायचे. माझं निम्मं लक्ष तिकडेच. दुसरे एक गृहस्थ कागद चाळत होते. तिसरी बाई होती, ती लिहून घेत होती.

"औषध तुम्हीच तयार करत होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"स्वतःच्या हाताने?"

"स्वतःच्या हाताने."

"म्हणजे तुम्हाला पूर्ण कल्पना होती."

ते असं सरळ म्हणाले की मला नुसती मान हलवायची होती. मला तू आठवलीस, माझ्या केसांना तेल लावणारी. पॉलिशवालीचे सुजलेले पाय आठवले. आणि मी म्हटलं, "कल्पना होती, पित्ताची."

त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, नळ्यांच्या तपासणीसकट आणि हात धरण्यासकट. कोणाला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं त्याहून लवकर सांगून झालं.

लिहिणाऱ्या बाईने हळूच विचारलं, "या काळात काही दुष्परिणाम झाले? इथे 'नाही' असं आहे."

"एक झाला," मी म्हटलं. "औषध नवऱ्याने घेतलं आणि मला मूल होण्याचं वय निघून गेलं. तेवढं लिहून घ्या."

"पण बाई," अध्यक्ष म्हणाले, "औषध तुम्ही घेतलेलं नव्हतं."

"नव्हतंच घेतलं. तेच तर सांगतेय."

त्या बाईने अध्यक्षांकडे बघितलं नाही. लिहून घेतलं.

तुझी वेल खोटी आहे असं मी म्हटलं नाही. औषध लागू पडतं, याची माझ्याइतकी खात्री तुलाही नसेल, हेसुद्धा सांगितलं. फक्त आमची अकरा वर्षं तुझ्या कामात धरायची नाहीत. तो पुरावा माझा आहे आणि मी तो देत नाही. हवं तर नव्याने सुरुवात करा, आणि आधी नवरा-बायकोला शेजारी बसवून विचारा. ते म्हणाले, विचार करून कळवू. तुझ्याकडे काम ठेवतील की नाही ते मी विचारलं नाही.

मला वेळेवर सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. भांडले असते. कदाचित त्याला सोडून दुसरा संसार मांडला असता, आज कोणाची तरी शाळेची पिशवी भरत असते. किंवा त्याचं ऐकून घेतलं असतं आणि मुलाशिवाय सुखाने राहिले असते, राहतात की लोक. यातलं काहीही झालं असतं तरी ते मी केलेलं असतं. तुम्ही दोघांनी मिळून माझं आयुष्य ठरवलंत आणि मला फक्त गाळायला दिलंत.

घरी परत जाणार नाही. मालक वरची खोली कायमची देतो म्हणालेत.

शेवटचं लिहिते. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, त्यापायी लग्न केलं नाहीस. लोक तुला ऐकवायचे, पुढे तुला कोण आहे? तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचीस, "ही काय, एवढी मोठी." ते नुसतं बोलणं नव्हतं. मी खरंच तुझी होते, म्हणून तर तू दिलेला पाला कधी उलटून बघितला नाही. आता पत्र पाठवू नकोस, आलं तर न उघडता परत करीन. इतकी वर्षं आपल्या दोघींत बिनमुलाची मी एकटी होते. आता तूही आहेस.